कोऱ्या फ्लास्कचं वर्तुळ

सर, तुमच्या शोकसभेत मी एक अक्षर बोलले नाही, ह्याची कॉलेजात चर्चा आहे. आठ वर्षं एका प्रयोगशाळेत काम केलं आणि बाईंना दोन शब्द सुचले नाहीत, असं लोक म्हणतात. शब्द सुचत होते. पण प्राचार्य उभे राहिले आणि म्हणाले, की विश्वनाथ सरांनी काचेच्या फ्लास्कमध्ये चित्रकाची मुळी वाढवून तिच्यातून पू करणाऱ्या जंतूंवर औषध शोधून काढलं, आणि हा शोध वाशीमचं नाव देशभर नेणार आहे. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. मी खाली बघत बसले, कारण मला तो शोध खरा वाटत नव्हता. तुम्ही असतानाही वाटत नव्हता, आणि ते तुम्हाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून तुमचा निबंध माझ्यापुढे ठेवला. टाइप केलेली नऊ पानं, वर्तुळ आलं तेव्हाच तुम्ही लिहून दिलेली. विद्यापीठाला पाठवायची आहेत, प्रयोगात बरोबर काम करणारी म्हणून शेवटी माझी सही हवी. "पंधरा दिवसांत गेला पाहिजे," म्हणाले. मी कागद घेतले, सही केली नाही. ते पंधरा दिवस काल संपले. त्यात काय झालं ते तुम्हाला सांगायला हवं, कारण त्यातलं निम्मं तुम्ही करून ठेवलेलं आहे.

तुमची कल्पना मला पहिल्यापासून पटली होती, हे आधी कबूल करते. चित्रकाची मुळी औषधाला लागते म्हणून लोक अख्खं झुडूप उपटतात. जऊळक्याकडच्या टेकाडांवर तुम्ही लहानपणी जिथे चित्रक पाहिला होता तिथे आता नुसते खड्डे आहेत. त्यापेक्षा बी रुजवायचं, कोवळ्या मुळाचं पेराएवढं टोक कापायचं आणि साखर नि क्षारांच्या पाण्यात सोडायचं. खोड नाही, पान नाही, माती नाही. मुळी एकटीच वाढते, पांढऱ्या दोऱ्यांचा गुंता होतो. प्रश्न एवढाच होता, की अशा मुळीत मातीतल्या मुळीचा गुण उतरतो का.

साधनं म्हणाल तर निर्जंतुक करायला तुमच्या घरचा प्रेशर कुकर. वहिनी अजून सांगतात की त्यांनी दोन वर्षं डाळ पातेल्यात शिजवली. फ्लास्क उघडायला सुताराकडून करून घेतलेली काचेची पेटी. जंतू वाढवायला बल्ब लावलेलं लाकडी खोकं. फ्लास्कच्या तोंडाला कापसाची बुचं, आणि तो कापूस कारंजाजवळच्या माझ्या भावाच्या शेतातला. दिवाळीनंतर मी पिशवी भरून आणायची.

रिसोडच्या बाजारात मुळ्या विकणाऱ्या गिरजाबाईंकडे तुम्ही फ्लास्क घेऊन गेलात, तेव्हा मी बरोबर होते. त्यांनी फ्लास्क उन्हात धरला, हलवला आणि हसल्या.

"मास्तर, ह्या काय शेवया हायेत का?"

"चित्रक हाये, मावशी."

"याले माती लागली नाई, ऊन लागलं नाई. मंग याच्यात तिखटपना कुठून येईन?"

तुम्ही तिथेच बूच काढलंत आणि एक दोरा घेऊन मनगटावर चोळलात. खरी मुळी चोळली तर फोड येतो. आपण तिघं तुमच्या मनगटाकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने थोडं लाल झालं.

"पाहा!" तुम्ही म्हणालात.

"घासून घासून लाल केलं तुमी," गिरजाबाई म्हणाल्या. "इतकं घासलं त माही म्हैस बी लाल होईन."

मी हसले. परतीच्या एसटीत तुम्ही मुद्दाम दुसऱ्या बाकावर जाऊन बसलात.

मग ते वर्तुळ आलं. काचेच्या बशीत जंतूंचा थर वाढवायचा, त्यावर मुळीच्या अर्कात भिजवून वाळवलेली टिपकागदाची चकती ठेवायची. अर्कात दम असेल तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ वर्तुळ राहतं. हे तुम्ही प्राचार्यांना तीनदा समजावलं होतं आणि त्यांना शेवटी 'वर्तुळ आलं म्हणजे पास' एवढंच कळलं होतं. त्या सकाळी तुम्ही व्हरांड्यातून ओरडत आलात, "बाई! लवकर या!" चकतीभोवती आठ आण्याच्या नाण्याएवढी जागा स्वच्छ होती. मी ती पाहिली आणि विचारलं, "अर्क कशात काढला?"

"स्पिरिटमंधी."

"मंग नुसत्या स्पिरिटची चकती कुठी हाये? स्पिरिटनंही जंतू मरतात."

तुमचा चेहरा पडला. "तुमी संशय माह्यावर घेता का मुळीवर?"

"दोघाईवर."

"पोलिसात काहून नाई गेल्या तुमी?"

"उंची कमी पडली."

तुम्ही स्पिरिटची चकती ठेवलीत. तिच्याभोवती वर्तुळ आलं नाही. मी मानलं, आणि लगेच दुसरं मागितलं. तेच पाणी, तीच साखर, तोच कुकर, तसंच बूच, फक्त आत मुळी नाही, असा एक कोरा फ्लास्क महिनाभर ठेवा आणि त्याच्या पाण्याचाही अर्क काढून पाहा. आता मात्र तुम्ही चिडलात.

"म्हंजे साखरेच्या पान्यात औषध हाये म्हनता?"

"काई म्हनत नाई. पाहू म्हनते."

तुम्ही "करू" म्हणालात. ते करू, करू असं वर्षभर चाललं. तेवढ्यात प्राचार्यांना वर्तुळाची बातमी लागली आणि मग ते तुमचं राहिलं नाही, कॉलेजचं झालं.

मला आणखी एक गोष्ट खटकायची. वाशीमच्या धुळीत, त्या सुतारी पेटीत काम करून दोन वर्षांत आपल्या एकाही फ्लास्कला बुरशी लागली नाही. तुम्ही म्हणायचात, हाताचा गुण. माझ्या घरी झाकून ठेवलेली भाकर तिसऱ्या दिवशी बुरसते. इतकं स्वच्छ काही असत नाही. पण खटकलं तेवढंच. माझा सगळा संशय तुमच्याभोवती फिरत होता, त्यामुळे दुसरीकडे बघायला मी वळले नाही.

शेवटचे दोन महिने तुम्ही बदललात. प्रयोगाची वही नेहमी टेबलावर उघडी असायची, ती पिशवीत घालून घरी न्यायला लागलात. कपाटाला कुलूप आलं. स्टाफच्या बैठकीत प्राचार्यांनी शोधाचं कौतुक केलं तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मी मनाशी पक्कं केलं: ह्यांनी कोरा फ्लास्क केला आहे, निकाल उलटा आला आहे, आणि तो हे दाबून ठेवत आहेत.

मग एका दुपारी मला तुमच्या टेबलावर निळ्या कागदातला कापसाचा रोल दिसला, मेडिकलच्या दुकानातला. नवी बुचं त्याची होती. ती ओल धरतात, बुचाच्या कामाची नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. ओळीने ठेवलेल्या सहापैकी चार फ्लास्कमध्ये बुरशी तरंगत होती. आणि माझी पिशवी टेबलाखाली भिंतीला सरकवून ठेवलेली होती.

मी विचारलं नाही. काय वाटलं ते आज सांगते. माझ्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मी वीस वर्षांची होते. त्याआधी गावात पाणी वरून ओंजळीत घेतलेलं आहे. त्यामुळे माझी वस्तू कुणी बाजूला सरकवली, की कारण विचारायच्या आधीच मला कारण ठाऊक असतं. तुम्ही आठ वर्षं माझ्या डब्यातलं पिठलं मागून खाल्लंत, तरी माझ्या मनात हेच आलं, की घरात कुणीतरी काही बोललं असेल. पाव्हणेरावळे, आते-मावश्या, कोणीतरी. आणि सरांना ते मोडवलं नसेल. मी तुमच्याशी कामापुरतं बोलायला लागले. तुम्हीही कामापुरतंच बोलत होतात. मला वाटलं, पुरावाच मिळाला.

त्यानंतर तुम्ही चित्रकाचं ताजं बी आणायला जऊळक्याला गेलात आणि परतीच्या गाडीची वाट बघत स्टेशनच्या बाकावर बसल्या बसल्या गेलात. मला वर्गात चिठ्ठी आली. मी तास पुरा घेतला. पोरांना काय शिकवलं ते आठवत नाही.

निबंध हातात पडल्यावर पाचव्या दिवशी मी वहिनींकडे गेले. वही मागितली. मला वाटलं होतं, पान फाडलेलं असेल. वहिनींनी ती कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवली.

"न्या बाई. दोन महिने त्याईचं जेवनात ध्यान नोतं या वहीपायी. उघडे न बंद करे, उघडे न बंद करे. मी म्हनलं, बाईले दाखवा ना एकदा. त म्हने, तेच त जमून नाई राह्यलं."

पान फाडलेलं नव्हतं. तुम्ही कोरा फ्लास्क केला होता. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा तुमच्या बारीक अक्षरात एकच नोंद: 'कोरा फ्लास्क: वर्तुळ आले. मुळीच्या फ्लास्कएवढेच.' सर, खरं सांगते, ते वाचून मला आधी बरं वाटलं. आपला संशय खरा ठरला की बरं वाटतं, समोरचा माणूस गेलेला असला तरी. म्हणजे शोध खोटा होता, आणि तो खोटा आहे हे तुम्हाला माहीत होतं.

मग पान उलटलं. तिथे यादी होती. विहिरीचं पाणी: वेगळं तपासलं, वर्तुळ नाही. साखर: नाही. क्षार: नाही. काच धुवायचा सोडा: नाही. कुकरचं रबर: नाही. एकेक करून तुम्ही सगळं तपासलं होतं, एकेक ओळ खोडली होती. शेवटी लिहिलं होतं: 'कापूस. दुकानातल्या कापसाची बुचं लावली. कोऱ्या फ्लास्कला वर्तुळ नाही.' त्याखाली प्रयोगाच्या वहीत लिहू नये असं वाक्य: 'दोष कापसाचा. पण बाईंच्या घरच्या कापसाने फ्लास्क बाटला, हे माझ्या तोंडून कसे निघेल?'

तो शब्द तिथे का आला, ते तुम्हाला आणि मलाच माहीत. फ्लास्कमध्ये नको ते काही शिरलं की पोरं सहज म्हणायची, 'सर, हा बाटला.' मी नोकरीला लागले त्या पहिल्याच महिन्यात एका मुलीने तसं म्हटलं आणि मी तास थांबवला. म्हणाले, "इथे हा शब्द चालणार नाही. बुरशी लागली म्हणा, जंतू शिरले म्हणा. बाटणं काय असतं ते मी पाहिलंय. ते फ्लास्कला होत नाही." तुम्ही दारात उभे होतात. त्यानंतर तो शब्द तुमच्या तोंडून मी कधी ऐकला नाही, आणि कुणी पोराने वापरला तर तुम्ही त्याला दिवसभर बशा धुवायला लावायचात. मला ते बरं वाटायचं. तो शब्द तुमच्या आत एवढी जागा अडवून बसला आहे, हे मला कळलं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने कारंजाला गेले, टेबलाखालची पिशवी बरोबर घेऊन. भावजय अंगणात तूर पाखडत होती.

"ह्या पिशवीत अगोदर काय होतं वं?"

"हायब्रीडचं बी. दरसाल एक पिशवी येते ना. काहून, अक्का?"

"धुतली होती?"

"दोन पान्यातून काढली. मस्त जाड कापड हाये. फेकून देऊ का मंग?"

मी पिशवी उलटी केली. तळाच्या शिवणीत लाल पावडर बसलेली होती, बोटाला लागेल इतकी. ज्वारीच्या बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून कंपनी जी चोळते, ती; बुरशीबरोबर जंतूही मारणारी. सरकी काढलेला कापूस दरवर्षी अशाच एका पिशवीत दाबून भरला जायचा. त्याची बुचं कुकरमध्ये वाफेने ओली व्हायची आणि थेंब फ्लास्कमध्ये उतरायचे. म्हणून आपल्याला बुरशी लागत नव्हती. म्हणून वर्तुळ येत होतं, मुळी असो की नसो. मुळ्या इतक्या सावकाश वाढायच्या त्याचंही कारण बहुतेक हेच.

"कोनाले काई बाधलं का वं, अक्का?" भावजयीने घाबरून विचारलं.

"नाई," मी म्हटलं. "पन आता ह्या पिशवीत खायचं काई भरजो नोको."

परत येताना मी सगळं आठवून पाहिलं. मी स्पिरिटवर संशय घेतला, पाण्यावर घेतला, तुमच्या हातावर, तुमच्या वहीवर, शेवटी तुमच्या घरातल्या माणसांवर घेतला. पिशवीवर घेतला नाही. पिशवी माझी होती.

आता माझं भांडण ऐका. तुम्ही मला सांगायला हवं होतं. मी चिडले असते, हे खरं. दोन दिवस आदळआपट केली असती, तुम्हाला नको ते बोलले असते. तिसऱ्या दिवशी पिशवी उलटी करून पाहिली असती. माझ्या घरच्या कापसात विष आहे हे ऐकून मी मोडून पडेन, असं तुम्हाला वाटलं. मी इतकी नाजूक नाही. मला सांभाळून घेणारा माणूसही शेवटी मला वेगळ्या पंगतीला बसवतो, सर. तुम्ही हे चांगुलपणाने केलंत म्हणून तर राग जास्त आहे.

आणि तरी, ती खोडलेली यादी मी पुन्हा पुन्हा वाचते. कापसाचा संशय तुम्हाला आधीच आला असणार. बुरशी लागत नाही हे तुम्हालाही दिसत होतंच. पण आधी तुम्ही स्वतःच्या घरचा कुकर तपासलात, स्वतःच्या विहिरीचं पाणी तपासलंत. माझं नाव सगळ्यांत शेवटी ठेवलंत. संशयाच्या रांगेत एवढं मागे मला कुणी कधी ठेवलं नव्हतं. त्याबद्दल तुमची आभारी आहे. रागाचं वेगळं, ह्याचं वेगळं.

काल प्राचार्यांकडे गेले. नऊ पानं परत दिली आणि माझं एक पान पुढे ठेवलं. त्यात लिहिलं होतं, की हे वर्तुळ मुळीमुळे आलेलं नाही, बुचाच्या कापसातल्या बियाण्याच्या औषधामुळे आलं असावं. हे विश्वनाथ सरांनी स्वतः शोधून काढलं. आणि तो कापूस मी आणला होता. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"बाई, गेलेल्या माणसाचं नाव काहून खराब करता?"

"त्यांचं कुठं होतंय? चूक त्यांनीच पकडली. खराब झालं तर माझं होईल."

"मग कापसाचं गाळा. 'काम अपुरे राहिले' एवढं लिहू. तुमचंही नाव राहील, त्यांचंही."

मला मोह झाला. खोटं बोलत नाही, झाला. कॉलेजात मी ज्यांना रोज भेटते त्यातल्या दोघा-तिघांच्या तोंडावर कोणता शब्द येईल, हे मला आताच ऐकू येतं. पण तेवढ्यासाठी ओळ गाळली असती, तर तुम्ही जे केलंत तेच मीही केलं असतं. मी म्हटलं, "कापसाची ओळ राहील, नाहीतर माझी सही मिळणार नाही." बराच वेळ त्यांनी पेनचं टोपण उघडलं, लावलं. मग कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली. वर तुमचं नाव, खाली माझं. आज तो टपालाने गेला.

एक गोष्ट मात्र उरली. पावडरीने वर्तुळ येत होतं, म्हणून मुळीत काहीच नाही, असं सिद्ध होत नाही. पावडरीच्या मोठ्या वर्तुळाखाली मुळीचं लहानसं वर्तुळ झाकलेलं असू शकतं. किंवा नसूही शकतं. मी शेतातून स्वतः कापूस वेचून आणला, हाताने सरकी काढली, उकळलेल्या धोतराच्या तुकड्यात बांधून आणला. जऊळक्याचं ते बी वहिनींनी तुमच्या सदऱ्याच्या खिशातून काढून दिलं. रुजलं. सहा फ्लास्क लावले आहेत, चारांत मुळी, दोन कोरे. महिन्याने चकत्या ठेवीन. वर्तुळ आलं नाही तर तेही लिहून विद्यापीठाला कळवीन.

अडचण एवढीच, की प्रयोगशाळेत आता माझ्याशी भांडायला कुणी नाही. मी एकटीच संशय घेत बसले तर निकाल माझ्याच बाजूला झुकेल, आणि त्या निकालावर माझा विश्वास बसणार नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी मीच बोलते. काल एका फ्लास्कमधली मुळी काळी पडल्यासारखी वाटली. मी म्हटलं, मेली ही, फेकून द्या. मग तुम्ही जसं म्हणाला असतात तसं, थोडं चिडून, मोठ्याने म्हटलं, "बाई, आठ दिवस थांबा ना. तुमाले कायची घाई?"

फ्लास्क परत जागेवर ठेवला. थांबते आहे.